देवीच्या गालावरचा डाग

माझं यंत्र दिसायला पिस्तुलासारखं आहे, हे माझं दुर्दैव. कसाऱ्याला एकदा दोन पोलिसांनी मला बाकावर बसवून ठेवलं होतं. ओळखपत्र दाखवलं, पत्र दाखवलं, शेवटी प्लॅटफॉर्मच्या खांबावर यंत्र धरून "हे बघा, लोखंड, आणि वरच्या रंगात जस्त" असं प्रात्यक्षिक करून दाखवलं, तेव्हा कुठे सुटका झाली. करोनानंतर उलटंच झालं. लोक आपणहून कपाळ पुढे करायला लागले. मुरबाडच्या बाजारात एक भाजीवाली म्हणाली, "बघा गो बाय, ताप हाय का मला, सकालधरनं अंग कसकसतंय." आता तिला काय सांगणार, की यातून क्ष-किरण निघतात आणि ते भिंतींसाठी आहेत, माणसांसाठी नाहीत! मी साध्या हातानं तिचा ताप पाहिला. नव्हता. गवारीचा वाटा घेतला आणि वाटेला लागले.

जुन्या भित्तिचित्रांची तब्येत तपासणं, ही माझी नोकरी. निवृत्त झाले तरी अजून कोणी ना कोणी बोलावतंच, आणि मला घरी बसवत नाही. काम सांगायला सोपं आहे. जुन्या रंगांमध्ये बहुतेक वेळा कुठला ना कुठला धातू असतो. हिंगुळात पारा, हरताळात सोमल, हिरव्या जंगालात तांबं, गेरूत लोखंड, सफेद्यात शिसं. यंत्राचे किरण रंगावर पडले की त्यातला धातू आपली ओळख देतो आणि पडद्यावरच्या आलेखात त्याचं टोक उभं राहतं. भिंत खरवडायची नाही, पोपडा उचलायचा नाही, बोटसुद्धा लावायचं नाही. तांदळाच्या दाण्याएवढं अंतर ठेवून यंत्र धरायचं आणि श्वास रोखून उभं राहायचं. हात हलला की मुसळ केरात. माझा उजवा खांदा कायमचा गेला आहे तो या उभं राहण्यानंच.

यंत्राला एक मोठी खोट आहे. हलक्या वस्तू त्याला दिसत नाहीत. तेल, डिंक, काजळी त्याच्यापुढे पोतं भरून ठेवली तरी ते मख्खासारखं गप्प. त्यासाठी दुसरं, लेसरचं यंत्र लागतं. ते आमच्या कार्यालयात एकच होतं आणि ते मिळवायचं म्हणजे नवस बोलावा लागायचा.

लोकांना मात्र यंत्राकडून भलत्याच अपेक्षा. शहापुरात मी ज्या लॉजवर उतरायचे, तिथल्या मालकिणीनं एका संध्याकाळी दार लावून घेतलं आणि पदराखालून सासूनं दिलेल्या पाटल्या काढल्या. "मॅडम, फक्त मला सांगा. ह्यांना नाय." सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या चहात साखर नव्हती, यावरून काय ते ओळखा. आटगावच्या एका गृहस्थाला शेतात पुरलेला हंडा शोधायचा होता. हे यंत्र रंगाच्या थराखाली जेमतेम केसभर बघतं, तुमच्या आजोबांचा हंडा ते कुठून दाखवणार, असं म्हटलं तर तो म्हणाला, "मग सरकारनं येवढं म्हाग कशाला घेतलं?" या प्रश्नाचं उत्तर माझ्या वरिष्ठांनाही कधी देता आलं नाही.

डोळखांबकडे तर एकानं घरातल्या भिंतीवरचं गणपतीचं चित्र पेशवाईतलं आहे, असं प्रमाणपत्रच मागितलं होतं. चित्र सुरेख होतं हो. पण पांढऱ्या रंगावर यंत्र धरलं आणि पडद्यावर टायटॅनियमचं टोक असं काही चढलं की मी कपाळावर हात मारला. टायटॅनियमचा पांढरा रंग आपल्या आजोबांच्या काळाच्या मागे जातच नाही. "पेशवाई नाही हो, ऑइलपेंट आहे," एवढंच म्हणाले. त्या माणसाचा चेहरा उतरला तो अजून डोळ्यांपुढून हलत नाही. खरं सांगण्याचा पगार मिळतो म्हणून खरं सांगणं सोपं होतं, असं समजू नका.

आता ज्या कामासाठी लिहायला बसले, ते सांगते. मुरबाडच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला एक गाव आहे. नाव मुद्दामच देत नाही. तिथे देवीचं लहानसं देऊळ आहे आणि सभामंडपाच्या एका भिंतीवर महिषासुरमर्दिनीचं मोठं चित्र. छपराचं काम निघालं होतं. ठोकाठोकी सुरू व्हायच्या आधी भिंतीची तब्येत पाहून अहवाल द्यावा, म्हणून मला पाठवलं. दिवस थंडीचे होते. भात झोडून झालं होतं, शेतांत वाल लावले होते.

देऊळ उघडून दिलं काशीनाथतात्यांनी. साठी उलटलेली, पांढरा सदरा कडक इस्त्रीचा. ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्यावर नोकरी केलेली, आणि त्याच्याही आधीपासून देवळाची स्वच्छता त्यांच्याकडे. "एक कोळिष्टक दाखवा, मॅडम," म्हणाले. खरंच नव्हतं. अशी लख्ख देवळं मी फार थोडी पाहिली आहेत.

भिंतीकडे वळले आणि थबकले. वर छत्र, चंद्र, ढग, सगळं पांढरंशुभ्र. रेड्याच्या अंगाचा हिंगुळी लाल अजून ताजा. आणि मधोमध देवीचा चेहरा काळपट तपकिरी, डाव्या गालावर तर पार काळा. दंड काळे, पायाखालच्या सिंहाचे दातसुद्धा काळे.

"देवी सावळी काढलीय का?" मी विचारलं.

"काळी नव्हती. केली." तात्यांनी हनुवटीनं दाराबाहेर खूण केली.

बाहेर पायरीवर एक म्हातारी राखेनं पणती घासत बसली होती. ही चांगुणाआजी, गुरवाची सून. देवीपुढे दिवा लावायचा मान त्यांच्या घराचा. नवी लग्न होऊन आली तेव्हा चित्राखालच्या कोनाड्यात तीच दिवा लावायची. एक वर्ष जत्रेच्या तोंडावर देवीच्या गालावर मळकट डाग दिसला. पुसला, तर पुढच्या वर्षी आणखी गडद होऊन आला. मग गावात कुजबुज सुरू झाली: नव्या सुनेला कावळा शिवलेला असताना तिनं दिवा लावला, देवीनं तोंड काळं करून दाखवलं. दिवा तिच्या दिराच्या घराकडे गेला. चांगुणाआजीनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही असं ठरलं, आणि ती तेव्हापासून पायरीवर पणती लावते. नवरा गेला, दीर गेला, ठरवणारी निम्मी माणसं गेली. ठराव राहिला.

तात्या हे सगळं वाईट बोलत होते असं नाही. पाऊस यंदा कमी झाला, हे सांगावं तसं सांगत होते. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. पण मी सरकारी पाहुणी. यंत्र बाहेर काढलं.

दुपारी जेवायला आजीनंच बोलावलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. तिला दातांचा त्रास, ती भाकरी बिरड्यात कुस्करून खात होती. खाता खाता मान वर न करता म्हणाली, "मी तवा बाहेरची नव्हते गो बाय. पन ह्या गोष्टीची साक्ष कोन देनार? नवऱ्यालाबी खरं वाटलं नाय. तो गेला तवा मनात त्येच घेऊन गेला."

ती पुढे म्हणाली, "तुज्या मशिनीला कलंल का?"

"आजी, मशिनीला विटाळ नाही कळत. शिसं कळतं."

"मग काय उपेग," म्हणाली आणि ताटात आणखी बिरडं वाढलं.

देवीच्या गालावर यंत्र धरलं तर शिशाचं टोक भरभक्कम. म्हणजे चेहरा मुळात सफेद्यानं रंगवलेला, गोरापान. शिशाचा सफेदा काळा पडू शकतो, हे आमच्या धंद्यात पोरासोरांनाही माहीत असतं. पण तो आपोआप पडत नाही, त्याला कोणीतरी छळावं लागतं. शिवाय वर काजळी बसली आहे की नाही, हे या यंत्राला दिसणार नाही. तात्या मागे उभे. "आला ना काजळीचा रिपोट?" मी म्हटलं, "नाही आला. येणारही नाही. पुन्हा यावं लागेल."

पडलेला एक पोपडा जमिनीवर सापडला, तांदळाच्या तुसाएवढा. तो डबीत घातला. मग शिडी मागवली, कारण वरचं पांढरं मला स्वस्थ बसू देत नव्हतं. छत्रावर यंत्र धरलं. शिसं. चंद्रावर धरलं. शिसंच. तोच सफेदा, तोच हात, तोच काळ, आणि वरचा मात्र दुधासारखा. धूर तर वर जातो! काजळीनं काळं व्हायचं तर आधी छत्र काळं व्हायला हवं होतं. मी शिडीवरच बसले. पुन्हा खाली उतरून आकडे पाहिले. खाली सगळीकडे क्लोरीनचं एक बारीकसं टोक होतं. मघाशी मी त्याला मोजलंच नव्हतं, मिठाच्या खपल्या असतील म्हणून सोडून दिलं होतं. वर ते टोक नव्हतं.

"तात्या, भिंत कशानं पुसता तुम्ही?"

तात्यांचा चेहरा उजळला. या प्रश्नाची ते जन्मभर वाट पाहत असावेत. "नुसत्या पान्यानं काय व्हतंय मॅडम? टीसीएल! मी पंचायतीत पान्यावरच व्हतो ना. हिरीत टाकायची ती पावडर. जत्रेच्या आदी बादलीत कालवायची आन् फडक्यानं भिंत घासून घ्यायची. किडा ऱ्हात नाय, शेवाळ ऱ्हात नाय, काजळीबी निगते."

"कुठपर्यंत पुसता?"

त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, वर चढले आणि फडकं धरल्यासारखा हात उंच केला. "हितपर."

त्यांची बोटं जिथं टेकली, तिथंच काळं संपत होतं. रेघ मारावी तसं.

टीसीएल म्हणजे विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर. शिशाच्या सफेद्याला ती लागली, आणि खाली चुन्याची भिंत असली, की सफेद्याचा हळूहळू काळपट तपकिरी पदार्थ होतो. पुसल्या पुसल्या भिंत स्वच्छ दिसते. रंग महिन्या-दोन महिन्यांनी चढतो. तो चढला की गाव म्हणणार, देवीचा कोप. मग पुढच्या जत्रेला पावडर दुप्पट. गावानं देवीचं तोंड धुऊन धुऊन काळं केलं होतं, भक्तिभावानं.

"पहिल्यांदा टीसीएल कधी वापरली?"

"मी नोकरीला लागलो त्याच सालाला. हिनं पैली काजळी केली ना, ती काडायला."

तर असं. आजीच्या दिव्याची थोडी काजळी खरंच होती, ओल्या फडक्यानं गेली असती एवढी. मला तिथल्या तिथं ओरडून सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. अर्ध्या पुराव्यावर चाळीसेक वर्षांपूर्वी एकदा निकाल लागला होताच. मला दुसरा तसाच लावायचा नव्हता. निघताना आजी पायरीवरून म्हणाली, "काय कललं?" मी म्हटलं, "थोडं कळलंय. पक्कं करून येते." ती हसली. "ये सावकाश. मी कुटं चाललेय?"

लेसरचं यंत्र मिळवायला मी काय काय केलं, ते इथं लिहिलं तर माझं पेन्शन अडकेल. पोपड्याची तपासणी प्रयोगशाळेतून झाली: शिशाचं ऑक्साइड, काळपट तपकिरी. लेसरच्या यंत्राला देवीच्या दोन्ही गालांवर काजळी सापडली नाही. कोनाड्याच्या अगदी वर, हातभर जागेत, थोडी सापडली. एवढीच काय ती दिव्याची, मग तो कोणीही लावलेला असो.

छपराचं काम सुरू करण्याआधी सरपंचबाईंनी सभामंडपात गाव जमवलं. तिशीतली पोरगी, बोलायला चटपटीत. आजी नेहमीसारखी बाहेर पायरीवर. आमच्या अहवालांची भाषा मोठी सोयीची असते. "पूर्वीच्या स्वच्छता-पद्धतींमुळे रंगद्रव्यात बदल संभवतो" असं लिहिलं की कोणालाच काही लागत नाही. मी तसंच लिहिलं होतं. पण ते वाचून दाखवायला लागले आणि दाराबाहेर तिचं पांढरं डोकं दिसलं. कागद खाली ठेवला.

"साध्या भाषेत सांगते," म्हटलं. "हा डाग दिव्याचा नाही. कोणाच्या विटाळाचा तर नाहीच नाही. हा रंग टीसीएलनं काळा झालाय. वर बघा, जिथं फडकं पोचलं नाही तिथं देवीचं छत्र अजून पांढरं आहे."

सगळ्यांनी माना वर केल्या. रोज पाहिलेली भिंत गाव पहिल्यांदा पाहत होतं. मग एकेक मान खाली आली आणि तात्यांकडे वळली. त्यांना मी आदल्या दिवशी घरी जाऊन सांगून आले होते. भर सभेत कळू नये, एवढी तरी माणुसकी. तेव्हा ते फक्त "मी तर सेवा केली" एवढंच म्हणाले होते आणि मला चहा न विचारता आत गेले होते. आज ते उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, पण बटणं वरखाली लागलेली.

"मीच पुसली," म्हणाले. "दर साल. आन् दर साल ह्या पायरीवरनं तिच्या पुढून बादली घेऊन आत आलो." एवढं बोलून खाली बसले. त्यांचीही दया आली मला. वाईट करायचं म्हणून केलेलं नसलं की माणसाला पश्चात्तापासाठी जागाच सापडत नाही.

कोणीतरी विचारलं, देवी परत गोरी करता येईल का. एक औषध लावून बघता येतं, पण चुन्याच्या भिंतीवर ते उलटलं तर आहे तेही जाईल, म्हणून मी नको म्हटलं. जत्रेआधी फक्त मऊ कोरडा ब्रश, तोही शिकवून. पाणी नाही, टीसीएल नाही.

सरपंचबाई दाराशी गेल्या. "आजी, आत या. आजपासून कोनाड्यात दिवा तुमीच लावायचा. गावाच्या वतीनं सांगतेय."

टाळ्या वाजल्या. मी मात्र टाळी वाजवू शकले नाही. कारण मी वाचायचा सोडलेल्या त्या कागदावर पुढचंच कलम माझ्या सहीनं असं होतं: सभामंडपात चित्रालगत तेलाचा दिवा, उदबत्ती, कापूर काहीही लावू नये. जगातल्या कुठल्याही भित्तिचित्राला मी हेच लिहिते. ज्या दिव्यासाठी ही बाई जन्मभर पायरीवर बसली, तो मीच बंद केला होता. एक दिवस लावला तर काय आकाश कोसळणार आहे, असं मनात आलं. कलम खोडायला पेनही काढलं. आणि सरपंचबाईंनी नेमकं विचारलं, "चालेल ना मॅडम?"

माझे डोळे भरून आले. मी अशी गावासमोर रडणारी बाई नाही, पण आले.

आजी उंबऱ्याशी येऊन उभी होती. आत पाऊल टाकलं नव्हतं. माझ्याकडे बघत म्हणाली, "बाय, खरं सांग. माज्या दिव्यानं तिला कायच व्हत नाय?"

"होतं, आजी. थोडं होतं. कोनाड्याच्या वर हातभर."

"रोज लावला तर वाडंल?"

"वाढेल."

तिनं मान हलवली. मग उजवा पाय आत टाकला, सावकाश चालत भिंतीपाशी आली, आणि देवीच्या त्या काळ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. हात जोडले नाहीत. सासरी गेलेली मैत्रीण खूप वर्षांनी भेटावी तशी नुसती बघत होती. "लय तरास दिला गो तुला," म्हणाली. हे ती स्वतःबद्दल म्हणाली की गावाबद्दल, मला माहीत नाही.

मग वळली. "दिवा भायेरच ऱ्हाऊ दे. पन आता मी ठरवलं म्हनून भायेर. कोनी मला भायेर काडलंय म्हनून नाय."

संध्याकाळ व्हायला आली होती. डोंगरावरून वारा सुटला होता. आजी पायरीवर बसली, वात वळली, काडी ओढली. विझली. दुसरीही विझली. तात्या गर्दीतून उठून बाहेर आले, वाऱ्याला आडवे होऊन तिच्यापुढे उभे राहिले आणि दोन्ही हातांनी सदरा पसरून धरला. तिसरी काडी धरली. ज्योत सरळ झाली. तात्या तसेच उभे, मान खाली घालून, डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नाही.

आजीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्या पाठीमागे उघड्या दाराकडे.

"काशा, मेल्या, दारात काय उबा ऱ्हायलास? सरक जरा बाजूला. तिला दिवा दिसाय नको का?"